उसाच्या चिपाडापासून कागद: कुठे काय बिघडते?

उसातून रस काढून घेतला की उरते ते चिपाड. साखर कारखान्यात त्याला ‘बगॅस’ म्हणतात. १०० टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस निघते आणि त्यातले निम्मे वजन निव्वळ पाण्याचे असते. आपल्याकडे ते बहुतेक बॉयलरमध्ये जाते. तमिळनाडूत करूर जिल्ह्यात, राज्य सरकारने उभारलेल्या टीएनपीएल या कारखान्यात मात्र १९८४पासून चिपाडाचा कागद होतो आहे. चिपाड ते कागद हा प्रवास आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा भुसा काढण्याचा. चिपाड एकजिनसी दिसते, पण त्यात दोन वेगळे माल असतात. उसाच्या सालीकडचे लांबट, चिवट तंतू हा कागदाचा माल. आतल्या गाभ्याचा मऊ, स्पंजासारखा भुसा हा निरुपयोगी माल, आणि तो सुमारे एक तृतीयांश भरतो. भुशाला लांबी नाही, त्यामुळे कागदाला बळ येत नाही. उलट तो रसायन शोषून घेतो आणि पुढे यंत्रावर पाणी निथळू देत नाही.

म्हणून साखर कारखान्यातच चिपाड फिरत्या हातोड्यांखाली झोडपतात. भुसा भोकांच्या जाळीतून खाली पडतो आणि बॉयलरकडे जातो. राहिलेला भुसा कागदाच्या कारखान्यात पाण्याने धुऊन काढतात. काटकसर बहुधा इथेच होते, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडणारी काटकसर आहे. अर्धवट काढलेला भुसा पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्रास देतो. फार जोरात झोडपले तर चांगले तंतूही तुटतात, तेव्हा अतिउत्साहही कामाचा नाही.

दुसरा टप्पा साठवणीचा. गाळप हंगाम पाचसहा महिन्यांचा, कागदाचे यंत्र मात्र वर्षभर चालायचे. चिपाडात थोडी साखर उरलेलीच असते. नुसता ढीग मारून ठेवला तर ती आंबते, ढीग आतून तापतो, तंतू काळवंडतात. वाळलेल्या गाठींना आग लागण्याची भीती वेगळीच. शिवाय बुरशी आलेल्या कोरड्या चिपाडाची धूळ छातीत गेल्याने फुप्फुसाचा एक आजार होतो. त्याला बगॅसोसिस असेच नाव पडले आहे.

यावरचा उपाय म्हणजे ओली साठवण. फरशीवर चिपाडाचा मोठा ढीग घालून तो पाण्याने सतत भिजता ठेवतात. पाण्याने हवा आत शिरत नाही आणि उष्णताही वाहून जाते. आत लॅक्टिक आम्ल तयार होऊन सडणे थांबते. गुरांसाठी मुरघास घालणाऱ्यांना हे तत्त्व नवे नाही. ढिगाचा एखादा कोपरा कोरडा राहिला, तर नेमका तिथलाच माल खराब निघतो.

तिसरा टप्पा शिजवण्याचा. वनस्पतीचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांना जखडलेले असतात. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, दाबाखाली, १६० ते १७० अंश सेल्सिअसला शिजवले की लिग्निन विरघळते आणि तंतू सुटे होतात. या सुट्या तंतूंचा लगदा म्हणजेच पल्प. लाकडाला तास लागतात. चिपाडाची रचना मोकळी असल्याने अखंड चालणाऱ्या पाचकयंत्रात ते दहापंधरा मिनिटांत शिजते.

हा वेग सोयीचा, तसाच फसवा. थोडे जास्त शिजले की तंतू कमजोर होतात आणि वजनही घटते. कमी शिजले तर न सुटलेल्या काड्या कागदावर पिवळट ठिपके होऊन दिसतात. म्हणून लगद्यात किती लिग्निन उरले हे ‘कप्पा अंक’ काढून पाहतात. लगदा पोटॅशियम परमँगनेट किती खातो, यावरून तो अंक निघतो.

चौथा टप्पा धुण्याचा, आणि खरी डोकेदुखी येथे आहे. धुतल्यावर जे गडद पाणी निघते त्याला काळे द्रावण म्हणतात. त्यात लिग्निन आणि वापरलेला सोडा दोन्ही असतात. ते आटवून भट्टीत जाळले की वाफेसाठी उष्णता मिळते आणि राखेतून सोडा परत हाती येतो. चुन्याशी प्रक्रिया करून त्याचा पुन्हा कॉस्टिक करतात. मात्र चिपाडात लाकडापेक्षा वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, जास्त. ती आटवणीच्या नळ्यांवर कठीण थर धरते. चुन्याच्या गाळातही साठते, त्यामुळे तो गाळ भाजून पुन्हा पुन्हा वापरणे अवघड होते. टीएनपीएलने या गाळाचे सिमेंट करायला घेतले. ज्या लहान गिरण्यांना ही सोडा परत मिळवण्याची यंत्रणा परवडत नाही, त्यांचे काळे द्रावण नदीनाल्यात जाते. शेतातल्या काडीकचऱ्यावर चालणाऱ्या अनेक गिरण्या रद्दीकडे वळल्या, त्यामागे हे मोठे कारण आहे.

पुढे लगदा पांढरा करतात. पूर्वी थेट क्लोरीन वापरत. त्यातून डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होतात, म्हणून आता क्लोरीन डायॉक्साइड वापरण्याकडे कल आहे.

मग मिसळणी. चिपाडाचा तंतू सुमारे एक ते दीड मिलिमीटर लांब, पाइनसारख्या सूचिपर्णी झाडाचा तीनच्या आसपास. त्यामुळे ताकदीसाठी लांब तंतूचा थोडा लगदा घालतात. गुळगुळीतपणासाठी खडूची पूड, आणि शाई फुटू नये म्हणून खळ. जुन्या पद्धतीत राळ आणि तुरटीची खळ असे. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो, म्हणूनच घरातली जुनी पुस्तके पिवळी पडून कडांना तुटतात.

शेवटी कागदाचे यंत्र. जाळीवर पडणाऱ्या लगद्यात ९९ टक्के पाणी असते. जाळीवर ते निथळते, रुळांमध्ये दाबले जाते आणि उरलेले वाफेने तापवलेल्या मोठ्या सिलिंडरांवर सुकते. चिपाडाचा लगदा पाणी सावकाश सोडतो आणि ओला पत्रा लवकर फाटतो. फाटला की यंत्र थांबवून पुन्हा पत्रा ओवायचा. पहिल्या टप्प्यात राहून गेलेला भुसा येथे सिलिंडरला चिकटतो, आणि दोष मात्र यंत्र चालवणाऱ्यावर येतो.

महाराष्ट्रात एवढा ऊस असताना हे सर्रास का होत नाही? कारण साखर कारखान्याला चिपाड स्वतःच्या वाफेसाठी आणि विकायच्या विजेसाठी हवे असते. ते बाहेर न्यायचे तर बदल्यात तेवढीच उष्णता देणारे जळण द्यावे लागते. टीएनपीएलने आसपासच्या साखर कारखान्यांशी अशाच अदलाबदलीचे करार केले. तेव्हा आपल्या तालुक्यात अशा गिरणीची कल्पना कोणी मांडली, तर यंत्राच्या किमतीआधी दोन गोष्टी विचारा: बॉयलरला बदली जळण कुठून येणार, आणि काळ्या द्रावणाचे काय करणार?