गणेशपुरीची कुंडलिनी
(शरीर, मन आणि परंपरा : लेखांक ७)

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागलं की अंबाडी नाक्यावर वज्रेश्वरीचा फाटा लागतो. तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडं, वज्रेश्वरीचं देऊळ आणि जरा पुढे गणेशपुरी. यंत्रमागांच्या तालुक्यातल्या या लहानशा गावात १९७०च्या दशकात अमेरिका-युरोपातली माणसं येऊन राहत होती, ती शक्तिपातासाठी, म्हणजे गुरूकडून कुंडलिनी जागी करून घेण्यासाठी. मागच्या आठवड्यात आपण प्राणायाम पाहिला. आता देव न मानणाऱ्याने कुंडलिनी, म्हणजे देहात निजलेली मानलेली शक्ती, आणि तिच्या वाटेवरची चक्रं कशी समजून घ्यावीत, हे पाहायला गणेशपुरीइतकं जवळचं उदाहरण नाही.

स्वामी नित्यानंद इथे राहत. फार बोलत नसत. ८ ऑगस्ट १९६१ला त्यांनी देह ठेवला. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांनी 'चित्शक्तिविलास' या आत्मकथेत लिहिलं आहे, की १५ ऑगस्ट १९४७ला गुरूंनी आपल्या पादुका दिल्या आणि दीक्षा झाली. पुढचं वर्णन मला सर्वांत मोलाचं वाटतं. सुकीच्या कुटीत साधना करताना अंग आपोआप हलू लागलं, भोवती आग दिसू लागली, आपल्याला वेड लागतंय अशी भीती बसली. घाबरून ते तिथून निघाले. पुढे दुसऱ्या एका कुटीत, कपाटात त्यांना योगावरचं एक पुस्तक सापडलं. आपल्याला होतं ते त्यात लिहिलेलं पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

श्रद्धाळू वाचक इथे गुरुकृपा पाहील. मला दिसतं ते असं : अनुभव आधी आला, अर्थ नंतर मिळाला, आणि अर्थ मिळताच भीती ओसरली. अनुभव खरा मानायला त्याचा अर्थ मान्य करावा लागत नाही. जोरजोरात श्वास घेत राहिलं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या येतात, बोटं आखडतात, डोकं हलकं होतं; साधनेत आपोआप होणाऱ्या अशा काही 'क्रियां'चं मूळ एवढ्यात सापडतं. सगळ्यांचं सापडत नाही, आणि उरलेल्यांना घाईने नाव देऊ नये.

मग चक्रं शरीरात आहेत का? स्वामी दयानंद सरस्वतींनी नदीत वाहत आलेलं प्रेत चिरून ती शोधली. सापडली नाहीत, तेव्हा त्यांनी प्रेताबरोबर चक्रांचं वर्णन करणारी पुस्तकंही पाण्यात सोडून दिली. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७मध्ये उलट वाट धरली आणि कुंडलिनी म्हणजे मेंदूतून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नस असं मांडलं. दोघांनीही ग्रंथांकडे शरीररचनेची पोथी म्हणून पाहिलं. पण जुन्या ग्रंथांत चक्रांची संख्याच एक नाही. कुठे पाच, कुठे सहा, कुठे आठ, कुठे बारा. शवविच्छेदनातून काढलेल्या माहितीत असा फरक पडला नसता. ध्यानाच्या पद्धती वेगवेगळ्या असतील तर तो पडणारच. लक्ष कुठे ठेवायचं, तिथे कोणता रंग, कोणतं अक्षर मनाशी उभं करायचं, हे त्या ग्रंथांत सांगितलेलं आहे. पूर्णानंदांच्या १५७७च्या 'षट्चक्रनिरूपणा'त नाभीपाशी कल्पिलेल्या मणिपूर चक्राच्या पाकळ्या मेघासारख्या काळ्या आहेत. आजच्या योगवर्गाच्या भिंतीवर ते चक्र पिवळं असतं, कारण इंद्रधनुष्याचे सात रंग विसाव्या शतकात पश्चिमेत चिकटवले गेले.

मराठी वाचकाला यासाठी लांब जायलाही नको. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन आहे, स्थिर नजर आहे. कुंडलिनीचं नावही नाही. ज्ञानदेवांनी १२९०मध्ये त्याच अध्यायावर भाष्य करताना साडेतीन वेढे घालून निजलेली शक्ती उभी केली, ती नाथपंथातून आलेली. जागी झालेली ही शक्ती देहातलं मांस आणि पाणी गिळते आणि मग देह नवा होतो. हे वाचताना अंगावर काटा येतो, तो साहित्याचा म्हणून घ्यायला नास्तिकालाही हरकत नाही.

गुरूबद्दल मात्र सावध राहावं लागतं. मुक्तानंदांचं निधन १९८२मध्ये झालं. १९८३मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाने आणि १९९४मध्ये 'न्यू यॉर्कर'ने त्यांच्यावरचे लैंगिक शोषणाचे आरोप छापले. अनेक अनुयायांनी ते मानले नाहीत. माझ्या मते शक्तिपाताच्या रचनेतच धोका आहे. आतल्या अनुभवाचा अर्थ सांगण्याचा अधिकार एकाच माणसाकडे गेला, की शिष्याची शंकाही अडथळा ठरवता येते. म्हणून ज्याला हे करून पाहायचं आहे त्याने आधी शिक्षकाला विचारावं : मी मध्येच थांबलो तर चालेल का? उत्तर टाळलं गेलं तर तिथून उठावं. झोप उडाली, भास होऊ लागले, तर साधना बंद करून मानसोपचारतज्ज्ञाला गाठावं, आणि आपण काय करत होतो ते त्यांना न लपवता सांगावं.

पुढच्या आठवड्यात लोणावळ्याला जाऊ. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत नेल्या.