गुडघ्यांनी अडवलेली दादरची वाट

६ डिसेंबर जवळ आला की आमच्या झरीत दादरला जाण्याची बोलणी सुरू होतात. आमच्या आत्याबाई मात्र तीन वर्षे त्यातून अंग काढून घेत होत्या. वय सत्तरीच्या पुढे, संधिवाताने गुडघे आखडलेले. खोदून विचारले तेव्हा बोलल्या, "लेकरा, कशीबशी चालंन मी. पण बसायचं कसं? अन् उठवायचं कुणी?"

चळवळीच्या कामात आम्ही आजवर याद्या केल्या, तिकिटे काढली, भाकरीची सोय पाहिली. हा प्रश्न आम्हाला कधी शिवलाच नव्हता. पुढे कळले की आत्याबाई गावोगावच्या लग्नांनाही आदल्या रात्रीपासून पाणी तोडून जात. अशा आयाबाया आपल्या वस्त्यांत कितीतरी असतील. पाणी तोडल्याने लघवीला जळजळ होते, खडा धरतो, चक्कर येते. मधुमेह असेल तर फारच वाईट.

मग आम्ही परभणीहून घडीची कमोड खुर्ची आणली. धातूचा सांगाडा, मधे भोक असलेली बैठक, खाली काढता येणारे भांडे. भांडे काढले की तीच खुर्ची साध्या संडासावर ठेवता येते. पहिल्या दिवशी घरी तिचा पाय सारवलेल्या जमिनीत रुतला आणि आत्याबाई कलंडता कलंडता वाचल्या. तेव्हापासून खाली फळी टाकतो. घेताना दोन्ही बाजूंना हात आणि पायांना रबरी टोप्या पाहाव्यात. बसल्यावर माणसाची पावले जमिनीला टेकली पाहिजेत. भोकाचे प्लास्टिक स्टूल स्वस्त मिळते, पण उठताना धरायला काही नसते. भिंतीला हवेने चिकटणाऱ्या मुठी खरबरीत भिंतीवर सुटतात. त्यांवर भार टाकूच नये.

जाताना देवगिरी एक्सप्रेसचे आरक्षण केले, खालचा बर्थ मागितला. आरक्षित डब्यात कमोडचा संडास असतो, पण गाडी हलते म्हणून सोबत एक बाई हवीच. रात्रीसाठी लघवीचे भांडे घेतले होते. बायकांच्या भांड्याचे तोंड रुंद असते, पुरुषांचे वेगळे. दुकानात तसे स्पष्ट सांगावे, लाजू नये. घरच्यांनी चादर आडवी धरली, काम झाले.

दादरला फिरत्या शौचालयांच्या पायऱ्या आत्याबाईंना चढवेनात. तंबूच्या कोपऱ्यात लुगड्याचा आडोसा करून खुर्ची मांडली. भांड्यात आधी थोडे पाणी घालून ठेवावे, नंतर ते शौचालयातच रिकामे करून फिनेलने धुवावे. हे काम आम्ही आळीपाळीने केले, पुरुषांनीसुद्धा.

खुर्चीला पैसे कुठले, असे कोणी विचारील. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांसाठी एकदाच ३,००० रुपये, आणि साधनांच्या यादीत कमोड खुर्चीही आहे. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात करावी.

परतताना तपोवन एक्सप्रेसने निघालो. मनमाडला आत्याबाईंनी चहा मागितला. आणि गाडी सुटायच्या आत आणखी एक.