जपानी स्वयंपाकघरात आपली आहारमर्यादा

मोत्यांच्या व्यापाराने अनेक भारतीय जैन कुटुंबांचे नाते जपानमधील कोबे नगरीशी जोडले. तेथील कितानो भागात १९८५ साली भगवान महावीरांचे मंदिर उभे राहिले. आता व्यापारी बांधवांसोबत त्यांचे कुटुंबीयही जपान पाहावयास जातात. तेथील गृहिणी आपल्या घरी पाहुण्या कुटुंबांसाठी पाकवर्ग घेतात, त्यांचे मुलांना विशेष आकर्षण वाटते. आहारनियम सांभाळून तेथे जाता येईल काय? येईल, मात्र तयारी आधीपासून हवी.

‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढेच सांगणे अपुरे ठरते. जपानी रसभाज्यांचा पाया म्हणजे ‘दाशी’ हा अर्क. तो बहुधा वाळवलेल्या माशाचे पापुद्रे आणि कोम्बू नावाची सागरी वनस्पती यांपासून काढतात. वाडग्यात मासा दिसत नसल्याने यजमानीणबाईंना तो पदार्थ निरामिष वाटणे स्वाभाविक आहे. बाजारातील काही मिसोंमध्ये दाशी आधीच मिसळलेली असते. ‘मिरिन’ या गोड द्रवात मद्यार्क असतो.

यास्तव नाव नोंदवतानाच जपानी भाषेत स्पष्ट यादी पाठवावी: मांस, मासे, अंडी, दाशी, कांदा, लसूण, कंदमुळे, मद्य, मध. सागरी वनस्पती, अळंबी व आंबवलेले पदार्थ यांविषयी आपल्या घरचा नियम लिहावा. मासे शिजवलेली भांडी चालत नसतील, तर आपली भांडी सोबत न्यावीत. घरी पोहोचल्यावर दिलेला नकार यजमानांना संकोचात टाकतो. आधी कळवलेला नियम त्यांना पर्याय शोधण्यास अवसर देतो.

निषेधाची ही कल्पना जपानला अपरिचित नाही. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्योरी’ या पाकपरंपरेत मांस-मासे आणि कांदा-लसूण वर्ज्य आहेत. तीत मुळा, कमळकंद व अळंबी चालतात, म्हणून ती जशीच्या तशी आपली होत नाही. तथापि, याच परंपरेतील अर्कासाठी ‘कान्प्यो’ही वापरतात. कान्प्यो म्हणजे आपल्या दुधीच्याच जातीच्या फळाच्या वाळवलेल्या पट्ट्या!

त्या अर्कात लाल भोपळा शिजवता येतो. फरसबीला भाजलेल्या तिळाचे कूट व साखर लावली की ‘गोमा-आए’ होते. तीत सोया सॉस घालावा की मीठ, हे आपल्या नियमाप्रमाणे ठरवावे. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरून ‘इनारिझुशी’ करतात. भातात शिरक्याऐवजी लिंबूवर्गीय ‘युझू’चा रस चालतो. पिशवी कान्प्योने बांधण्याचे काम मुलांच्या हाती द्यावे.

वेळ सकाळचीच मागावी. डिसेंबरमध्ये टोकियोत सायंकाळी साडेचारच्या सुमारास सूर्यास्त होतो. दुपारच्या वर्गात चौविहार साधणे अवघड. आणि ‘आम्हांला जमणार नाही’ असे उत्तर आले, तर राग मानू नये. तो प्रामाणिक नकार आपले व्रत जपतो, यजमानांचा मानही राखतो.