ओव्हनमधला बटाटा कच्चा का राहतो?

वरून सोनेरी खरपूस आणि आतून लोण्यासारखा मऊ, असा चीज घातलेला भाजका बटाटा छायाचित्रात सोपा दिसतो. घरी मात्र तो हमखास फसतो. पाहुणे पानावर बसलेले असताना वरचे चीज करपलेले, आतले काप कचकचीत आणि तळाशी फाटलेले दूध, अशी अवस्था होते. दोष ओव्हनला दिला जातो. वास्तविक चूक त्याआधीच, बटाटा चिरताना झालेली असते.

हा पदार्थ आग्नेय फ्रान्समधील दोफिने प्रांताचा. १२ जुलै १७८८ रोजी गॅप येथील नगर अधिकाऱ्यांना दिलेल्या मेजवानीत त्याचा उल्लेख आढळतो. मूळ कृतीत बटाटा, दूध, क्रीम आणि लसूण एवढेच. चीज घालण्याची रीत शेजारच्या सावोया प्रांताची. याचे फ्रेंच नाव ‘ग्रातँ’ हे ‘खरवडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आले आहे. भांड्याच्या बुडाची खरवड चवीने खाणाऱ्यांना त्यातील गोडी वेगळी सांगायला नको.

वेफर्ससाठी बटाट्याचे काप पाण्यात धुतात, ते पिठूळपणा जावा म्हणून. येथे नेमका तोच हवा असतो. कापांवरील स्टार्च गरम दुधात फुगून दूध दाट करतो आणि ते फाटण्यापासून बऱ्याच अंशी वाचवतो. म्हणून बटाटे सोलण्यापूर्वी धुवावेत, चिरल्यावर नव्हे. दूध स्निग्ध असावे. पातळ दूध लवकर फाटते. क्रीमऐवजी घरची ताजी साय घोटून चालते. पण लोण्यासाठी साठवलेली, विरजण लागलेली साय घालू नये. आंबटपणाने दूध नासते, शिवाय बटाटाही लवकर शिजत नाही. रस्साभाजीत चिंच बटाटा शिजल्यावरच घालतात, ती याचसाठी.

चार ते सहा जणांसाठी एक किलो बटाट्यांचे तीन मिलिमीटर जाडीचे सारखे काप करावेत. जाड-बारीक काप एकाच वेळी शिजत नाहीत. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धा लिटर दूध, २०० मिलिलिटर क्रीम, ठेचलेली लसणाची पाकळी, चहाचा एक चमचा मीठ, मिरपूड आणि चिमूटभर जायफळ घेऊन त्यात काप सोडावेत. मंद आचेवर, अधूनमधून हलवत आठ-दहा मिनिटे शिजवावेत. थंड दूध आणि कच्चे काप थेट ओव्हनमध्ये ठेवले, तर वरचा थर तापतो आणि मधला मागे राहतो. कच्चेपणाचे खरे कारण हेच. नंतर लोणी लावलेल्या पसरट भांड्यात मिश्रण ओतून १६० अंश सेल्सिअसला सुमारे पाऊण तास भाजावे. सुरी मध्यभागी सहज शिरली, की बटाटा शिजला.

चीजची पाळी त्यानंतर. दीडशे ग्रॅम चीज किसून वर पसरावे, उष्णता २०० अंशांवर न्यावी आणि दहा-पंधरा मिनिटांत रंग येऊ द्यावा. आरंभीच घातलेले चीज अधिक तापून तेल सोडते आणि चिवट होते. मोझरेला तार धरते, चेडर चव देते. दोन्ही निम्मे निम्मे घ्यावे. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये पायसीकारक क्षार असल्याने ते फुटत नाही, पण खारट असते. तेव्हा मिठाचा हात आखडता घ्यावा. पनीर वितळत नाही, त्यामुळे ते येथे उपयोगाचे नाही.

साध्या मायक्रोवेव्हमध्ये बटाटा शिजतो, पण वर रंग येत नाही. त्यासाठी कन्व्हेक्शन किंवा ग्रिलची सोय लागते.

बाहेर काढलेले भांडे लगेच पानाजवळ नेऊ नये. पंधरा मिनिटे थांबल्यास रस आळतो आणि वड्या नीट कापल्या जातात. ओव्हन कितीही उत्तम असला, तरी हा पदार्थ साधतो तो गॅसवरच्या दहा मिनिटांनी आणि शेवटच्या पंधरा मिनिटांच्या धीराने.