नळाचे पहिले पाणी

नळाला पाणी सुटले की पहिला नंबर लावण्यासाठी आपल्या चाळीत, वसाहतीत किती धावपळ होते, हे वाचक भगिनींना सांगायला नको. पण ज्या हंड्यासाठी भांडणे होतात, तोच हंडा पुष्कळदा सर्वांत घाण पाण्याचा असतो.

त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. मुंबईचेच पाहा. तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी गाळून, क्लोरीन घालून मगच शहराकडे सोडतात. भांडुपच्या केंद्रातून निघताना ते पिण्यालायक असते. ते बिघडते बहुधा शेवटच्या टप्प्यात, आपल्या दाराजवळ. आपला पाइप कुठून येतो ते एकदा वाकून पाहा. किती वस्त्यांत तो गटारातूनच येतो! लोखंड गंजते, सांध्याला भोक पडते. पाणी जोरात असते तोवर ते भोकातून बाहेर गळते, आत काही शिरत नाही. पण आपल्याकडे पाणी येते दोन-तीन तास. उरलेला दिवस पाइपात जोर नसतो, आणि गटारातले पाणी त्या भोकातून आत झिरपते. दुसऱ्या दिवशी तेच आधी आपल्या हंड्यात पडते. कुणी पाइपला थेट मोटर लावली, तर पाणी चालू असतानाही गटार आत ओढले जाते. मोटरवाल्याची टाकी भरते आणि घाण साऱ्या ओळीला प्यावी लागते. त्याला हे तोंडावर सांगायला लाजू नये.

म्हणून सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नका. गढूळपणा आणि वास जाईपर्यंत ते वेगळ्या बादलीत धरा. संडासाला, लादी धुवायला कामी येते. सामाईक नळ असेल तर महिला मंडळाने ठरवून द्यावे की, आधी सर्वांच्या वापराच्या बादल्या, मग पिण्याचे हंडे. आणखी एक गंमत पाहा. कालचे झाकलेले चांगले पाणी 'शिळे' म्हणून आपण मोरीत ओततो आणि त्याच हंड्यात हे पहिले पाणी भरतो! स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले पाणी एका रात्रीत नासत नाही.

पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून काहीजण नाक मुरडतात. तो क्लोरीनचा वास आहे. सरकारी मानकाप्रमाणे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पाण्यात शिल्लक असावे लागते. रोज येणारा वास एकाएकी बंद झाला, तर उलट सावध व्हावे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पावसाळ्यात किंवा शंका आली तर पाणी चार पदरी कापडातून गाळून उकळावे. वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. मग झाकण, आणि काढायला लांब दांडीचे ओगराळे. हंड्यात हात बुडाला की सगळी मेहनत पाण्यात.

जुलाब दोन-चार दिवसांत कळतात, रोजी बुडते, पाण्यावर संशय येतो. काविळीचे तसे नाही. ती दूषित पाणी पोटात गेल्यावर बहुधा महिनाभराने दिसते, तोवर गढूळ पाणी सगळे विसरलेले असतात. मग लोक हात चोळून पिवळे पाणी काढणाऱ्याकडे जातात. ते पिवळे पाणी चुना आणि झाडाच्या सालीचे, काविळीचे नव्हे. २०१२ साली इचलकरंजी या यंत्रमाग कामगारांच्या शहरात दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, माणसे दगावली. पाण्यातून येणारी ही कावीळ गरोदर बाईच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते. डोळे पिवळे दिसताच तिला सरकारी दवाखान्यात न्यावे.

पाइप बदलून घेणे हे मात्र घरातले काम नव्हे. आयुष्य कारकुनीत गेल्यामुळे एवढे खात्रीने सांगतो, तोंडी तक्रारीला कचेरीत काही किंमत नसते. ओळीतल्या सर्वांच्या सह्यांचा अर्ज दोन प्रतींत करावा, एका प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. पाण्याचा नमुना तपासण्याची मागणीही त्यातच लिहावी. नमुना घ्यायला माणूस आला की पाणी सुटताच पहिल्या धारेचा घ्यायला लावा. तासाभराने घेतला तर तो स्वच्छच निघेल आणि तुमचा अर्ज निकाली निघेल.