इस्तिखारा : घर घेण्याआधी दोन रकात

रमजानचा महिना हा रोजा, नमाज आणि कुरआनपठणाचा महिना. पण मुस्लिम घरांत तो निर्णयांचाही महिना असतो. वर्षभर ज्याला त्याला आपापल्या कामाची घाई. या महिन्यात मात्र इफ्तारला सगळे एका दस्तरखानावर असतात. मग तरावीह आटोपल्यावर चहाबरोबर लांबणीवर पडलेले विषय निघतात. मुलीसाठी आलेले स्थळ, मुलाचा पुढचा शिक्षणक्रम, गावची वाटणी आणि अलीकडे सर्वांत जास्त वेळा निघणारा विषय म्हणजे घर. अशा वेळी घरातल्या कुणी वडीलधाऱ्या बाई हमखास विचारतात, ‘‘इस्तिखारा केला का?’’

इस्तिखारा म्हणजे खैर मागणे, भले मागणे. एखादे महत्त्वाचे काम हाती घेण्यापूर्वी फर्ज नसलेली दोन रकात नमाज अदा करायची आणि नंतर एक विशिष्ट दुआ करायची. हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस ‘सहीह बुखारी’त आहे. प्रेषित मुहम्मद (स.) कुरआनची सूरह शिकवावी तितक्या काळजीने आपल्या साथीदारांना सर्व बाबतींत इस्तिखारा करायला शिकवत, असे ते सांगतात.

आपल्याकडे मात्र इस्तिखाऱ्याचा एक वेगळाच अर्थ रूढ झाला आहे. नमाज पढून झोपायचे आणि स्वप्नाची वाट पाहायची. स्वप्नात हिरवे किंवा पांढरे दिसले तर होकार, काळे किंवा लाल दिसले तर नकार. काही जण तर दुसऱ्याकडून इस्तिखारा ‘काढून’ घेतात. वास्तविक त्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेखच नाही. तिथे आहे ती जागेपणी केलेली दुआ, आणि ती नीट समजून केली तर विचार कसा करावा याचा धडाच आहे.

या दुआत बंदा सुरुवातीलाच आपले अज्ञान आणि दुबळेपण कबूल करतो. ज्ञान आणि सामर्थ्य अल्लाहचे आहे, हे मान्य करून तो आपल्या कामाचा उल्लेख करतो आणि ते तीन कसोट्यांवर ठेवतो : माझा धर्म, माझी उपजीविका आणि या गोष्टीचा शेवट. या तिन्ही दृष्टींनी काम भले असेल तर ते मिळो, वाईट असेल तर ते टळो, असे तो मागतो. म्हणजे काम बिघडू शकते, ही शक्यता त्याला स्वतःच्या तोंडाने उच्चारावी लागते. मनाने आधीच ‘हो’ म्हटलेल्या माणसाला हेच सर्वांत अवघड जाते.

टिटवाळ्याचे उदाहरण घेऊ. कल्याण सुटले की शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. महागणपतीच्या दर्शनासाठी मंगळवारी, अंगारकीला इथे दुरून माणसे येतात. पण गेल्या काही वर्षांत इथे दर्शनाला येणाऱ्यांइतकीच घर बघायला येणाऱ्यांची वर्दळ असते. मुंबईत, ठाण्यात, अगदी कल्याणातही जे परवडत नाही, ते मांडा-टिटवाळा, बल्याणीच्या बाजूला आवाक्यात येईल असे वाटते. त्यात हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, कोकणातले, खानदेशातले, उत्तरेतले आहेत. घर हवे, ही साऱ्यांची गरज एकच.

अलीकडे काही वर्षे रमजान उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो आहे. या दिवसांत टिटवाळ्याची काळू नदी अगदी शांत दिसते. काठावरची जमीन कोरडी, वारा मोकळा. जागा दाखवणारा म्हणतो, ‘‘बघा, नदी किती लांब आहे!’’ आणि तो खोटे बोलत नसतो. मार्चमध्ये ती लांबच असते. परंतु घर फक्त मार्चपुरते घ्यायचे नसते. जुलैत हीच नदी दुसरी असते. रुंदे गावाकडे जाणारा काळूवरचा पूल किती तरी पावसाळ्यांत पाण्याखाली गेला आहे. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कल्याण परिसराने काय सोसले, हे जुन्या रहिवाशांना विचारावे. २०२१ च्या जुलैत, बकरी ईदच्या सुमारास, टिटवाळा ते इगतपुरी रेल्वे वाहतूक पावसामुळे बंद ठेवावी लागली होती.

समोर कोरडी जमीन दिसत असताना तिथे पाणी पाहणे, याला कल्पनाशक्ती म्हणतात. कल्पना म्हणजे केवळ कवींचे काम नव्हे. जलसंपदा विभाग नदीकाठी पूररेषा आखतो, तेही कल्पनेचेच, पण हिशेबाने केलेले काम आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. नकाशावरची ती रेषा सांगते की आज इथे पाणी नसले तरी ते येऊ शकते.

ही कल्पनाशक्ती नसली की काय होते, ते कुरआनच्या सूरह कहफमध्ये आले आहे. अनेक जण दर शुक्रवारी ही सूरह पढतात. त्यात दोन माणसांचा दाखला आहे. एकाकडे द्राक्षांच्या दोन बागा, भोवती खजुरीची झाडे, मध्ये शेती आणि वाहता झरा. आपल्या बागेत शिरताना तो म्हणतो की ही कधी नष्ट होईल असे मला वाटत नाही. सोबती त्याला समजावतो, पण तो ऐकत नाही. शेवटी बाग उद्ध्वस्त होते आणि तो हात चोळत बसतो. या माणसाला आपण गर्विष्ठ म्हणतो, ते खरेच आहे. पण त्याचा गर्व नेमका कशात होता? बागेशिवायचा एकही दिवस त्याला डोळ्यांसमोर आणता आला नाही. जे आज आहे ते उद्याही असणारच, असे धरून चालणे हाच त्याचा अहंकार. म्हणूनच नम्रता आणि कल्पना या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्याला आपण चुकू शकतो हे मान्य आहे, त्यालाच चूक आधी दिसू शकते.

आधुनिक मानसशास्त्रही जवळपास हेच सांगते. गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये ‘प्री-मॉर्टेम’ नावाच्या पद्धतीवर लेख लिहिला. काम सुरू करण्यापूर्वी सर्वांनी असे समजायचे की ते पुरते फसले आहे आणि मग का फसले याची कारणे लिहून काढायची. ‘‘काही अडचण येईल का?’’ असे विचारले तर लोक गप्प राहतात; ‘‘फसलेच आहे, का ते सांगा,’’ म्हटले की बोलू लागतात. घराच्या बाबतीत आपणही हे करू शकतो. समजा, पाच वर्षांनी हे घर आपल्या हातून गेले. कशामुळे गेले असेल? हप्ता झेपला नाही? पाणी शिरले? कागद खोटे निघाले? रोज मुंबईला साठ-पासष्ट किलोमीटर जाऊन-येऊन तब्येत खचली? दुआतल्या तीन कसोट्याही इथे लावून पाहाव्यात. कर्जाच्या अटी माझ्या धर्मात बसतात का, उपजीविकेला ते पेलते का, शेवट काय होईल?

मात्र एकट्याची कल्पना अपुरी असते. म्हणून इस्तिखाऱ्याच्या जोडीला मशविरा, म्हणजे सल्लामसलत आहे. १७ रमजान, हिजरी सन २ रोजी बद्रची लढाई झाली. त्याआधी प्रेषितांनी (स.) एका जागी तळ दिला होता. हजरत हुबाब (रजि.) यांनी विचारले, ही जागा अल्लाहच्या आदेशाने ठरली आहे की आपले मत आहे? मत आहे, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी पाण्याच्या दृष्टीने अधिक चांगली जागा सुचवली आणि तळ हलवण्यात आला, असे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. जिथे प्रेषितांनी (स.) साथीदाराचे ऐकले, तिथे आपण ‘‘मला सगळे कळते’’ असे म्हणावे का?

आजच्या काळात मशविरा म्हणजे जाणकाराला गाठणे. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडचे आहेत का, बांधकाम परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागात प्रत्यक्ष जाऊन पडताळली का, पूररेषेचा नकाशा पाहिला का, वकिलाने मालकीचा शोध घेतला का? आणि ज्याला त्या व्यवहारातून काही मिळणार नाही, अशा शेजारच्या दुकानदाराला विचारले का की पावसात इथे पाणी कुठवर येते?

इतके सारे करूनही फसगत होऊ शकते, आणि कल्याण-डोंबिवलीला हे वेगळे सांगायला नको. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली. लोकांनी ती नोंदणी पाहून, बँकेचे कर्ज काढून घरे घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. राहत्या कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांना ‘‘तुम्ही नीट चौकशी केली नाही,’’ असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. सामान्य माणसाने विश्वास ठेवावा म्हणून जी नोंदणी आहे, तिच्यावरच त्यांनी विश्वास ठेवला होता.

इथे उहुदची आठवण येते. हिजरी सन ३ मध्ये मदिनेत राहून लढावे की बाहेर पडावे, यावर मशविरा झाला. प्रेषितांचा (स.) कल शहरातच राहण्याकडे होता, अनेकांच्या आग्रहाखातर ते बाहेर पडले. पुढे मुस्लिमांची मोठी हानी झाली. त्यानंतर सूरह आलि इमरानमध्ये जो आदेश आला, तो सल्ला घेणे बंद करण्याचा नव्हता. साथीदारांना क्षमा करा, त्यांच्याशी सल्लामसलत करत राहा आणि निश्चय झाला की अल्लाहवर भरवसा ठेवा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे परिणाम वाईट झाला म्हणून निर्णयाची रीत चुकीची ठरत नाही. परिणाम आपल्या हाती नाही, रीत आहे.

काही जण याच्या उलट टोकाला जातात. नशिबात असेल ते होईल, मग चौकशी कशाला? याचे उत्तर हजरत उमर (रजि.) यांनी देऊन ठेवले आहे. ते शामच्या म्हणजे सीरियाच्या वाटेवर असताना तिथे प्लेगची साथ पसरल्याचे कळले. त्यांनी एकामागून एक तीन गटांचा सल्ला घेतला आणि परत फिरायचे ठरवले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? उमर (रजि.) यांनी सांगितले की आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. मग त्यांनी एक चित्र उभे केले. तुझे उंट एका दरीत उतरले, तिची एक बाजू हिरवी आणि दुसरी ओसाड. कुठल्याही बाजूला चारलेस तरी ते तकदीरनेच ना? मग हिरवी बाजू का सोडायची? नम्रतेने डोळे मिटायचे नसतात, हे या उत्तरात आहे.

तर या रमजानमध्ये ज्यांच्या घरी असा विषय निघाला असेल, त्यांनी घाई करू नये. कागद तपासावेत, माणसांना विचारावे, शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्यावा. मग दोन रकात पढून मन मोकळे करावे आणि इन्शाअल्लाह म्हणून पाऊल उचलावे. इन्शाअल्लाह म्हणजे टाळाटाळ नव्हे. उद्या माझ्या मालकीचा नाही, याची ती कबुली आहे. आणि ज्यांचे घर कर्जासह बुडाले, त्यांना उपदेश नको, हात हवा. कुरआनने जकातच्या हक्कदारांत कर्जात अडकलेल्यांचाही समावेश केला आहे. आपल्या जकातमधून अशा कुटुंबाला मदत देता येईल का, हे आपल्या मशिदीतल्या आलिमांना अवश्य विचारावे.

अल्लाह आपल्या सर्वांना दूरचे पाहणारी नजर, दुसऱ्याचे ऐकणारा कान आणि त्याच्यापुढे झुकणारे मन देवो. आमीन.