ध्वनिफीत आणि जुनी ध्वनिमुद्रणयंत्रे : छांदिष्टांचा जिव्हाळा व संशोधनाचे हित

मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील हातकणंगले तालुक्याचा परिसर ख्यालगायनाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. याच तालुक्यातील इचलकरंजीच्या घोरपडे जहागीरदारांचा आश्रय बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांना लाभला. पूर्वेस मिरजेत अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांचे वास्तव्य होते, तर पश्चिमेस कोल्हापुरात अल्लादिया खाँ (मृत्यू १९४६) हे शाहू महाराजांचे दरबारी गायक होते. परंतु या वैभवाचा श्राव्य पुरावा किती उरला, असे विचारले तर उत्तर खेदजनक आहे. अब्दुल करीम खाँ तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतून ऐकू येतात; अल्लादिया खाँच्या गायनाचे तर एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. ध्वनिफितीविषयी जाणकारांना जो जिव्हाळा वाटतो, त्याचा विचार या अभावापासून सुरू केला पाहिजे.

चुंबकीय ध्वनिमुद्रणाचे तत्त्व डेन्मार्कच्या पोल्सेनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर सिद्ध केले. १९२८ मध्ये जर्मनीत प्फ्लॉयमरने कागदी पट्टीवर लोहचूर्णाचा लेप दिला, आणि १९३५ च्या बर्लिन येथील रेडिओ-प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र लोकांपुढे आले. मुद्रणाच्या वेळी उच्च कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह मिसळण्याची युक्ती १९४० मध्ये साधली, तेव्हा फितीवरील खरखर कमी होऊन ती संगीतास योग्य ठरली. सात इंची चकतीवर १२०० फूट फीत मावते. सेकंदास साडेसात इंच गतीने ती ३२ मिनिटे चालते, निम्म्या गतीने ६४ मिनिटे. म्हणजे तबकडीवर ज्या रागाचा केवळ आराखडा मावे, तो फितीवर विलंबित आलापापासून द्रुत बंदिशीपर्यंत अखंड मावू लागला. निवृत्तीबुवा सरनाईक, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या पिढीची गायकी आज तपशिलाने अभ्यासता येते, ती बहुतांशी या फितींमुळे.

जुन्या यंत्रांचे भोक्ते फितीच्या आवाजाला ‘ऊब’ आहे असे म्हणतात. या शब्दाची छाननी करणे आवश्यक आहे. ध्वनी प्रबळ झाला म्हणजे फितीवरील चुंबकन त्याच प्रमाणात वाढत नाही. लहरींची शिखरे किंचित दबतात आणि मूळ कंप्रतेच्या तिप्पट कंप्रतेचा एक क्षीण उपस्वर मिसळतो. कानास सुखद वाटणारा हा परिणाम वस्तुतः एक विकृतीच होय. तेव्हा फीत अधिक सत्यनिष्ठ आहे म्हणून ती प्रिय आहे, हे म्हणणे टिकत नाही. फितीची खरी थोरवी अन्यत्र आहे. मैफलीत यंत्र चालूच राहिल्याने तंबोरे जुळवण्याचा काळ, साथीदारास केलेली सूचना, श्रोत्यांची दाद, दोन चिजांमधील बोलणे, हे सारे तीत उतरले. संगीताच्या अभ्यासकाला जे अवांतर वाटेल, ते बोलीच्या अभ्यासकाला मोलाचे असते. कारण तेथे बोलणारा माणूस लेखी भाषेच्या दडपणातून मुक्त असतो.

मात्र हा पुरावा नाशवंत आहे. १९७० नंतरच्या काही फितींतील बंधकद्रव्य हवेतील ओलावा शोषून चिकट होते. अशी फीत तशीच चालवली तर लेप खरवडून निघतो. ती मंद उष्णतेत काही तास ठेवून तात्पुरती चालण्याजोगी करता येते. याहून बिकट प्रश्न यंत्रांचा आहे. युनेस्कोच्या सहकार्याने २०१९ मध्ये हाती घेतलेल्या ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ या उपक्रमाने असा इशारा दिला की, २०२५ च्या सुमारास फिती वाजवण्याची नित्याची सोय जगात बहुतेक ठिकाणी संपेल. फीत शाबूत असली तरी ती वाजवणारे यंत्र नसेल तर ती मुकीच राहते.

येथेच छांदिष्टाचे महत्त्व ध्यानात येते. जुन्या ग्रुंडिग वा फिलिप्स यंत्राचे हेड स्पिरिटने पुसणे, सैल पट्टा बदलणे, फितीच्या कोनाशी हेड जुळवणे ही कामे त्याला हाताने येतात. गतीचा प्रश्न तर सर्वांत नाजूक आहे. गती शेकडा ६ ने वाढली की स्वर अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी चारमध्ये गायलेली चीज काळी तीनमध्ये ऐकू येते, आणि बोलणाऱ्याच्या स्वरांचे गुणही त्याबरोबर सरकतात. अशा वेळी फितीवर नकळत उतरलेली विजेची ५० कंप्रतेची गुणगुण साक्षीस घेता येते. परंतु तीही निर्णायक नव्हे. मुद्रणयंत्राची गती विजेच्या कंप्रतेवरच अवलंबून असेल, तर दोहोंतील चूक एकमेकींस झाकते आणि गुणगुण बरोबर वाजूनही स्वर चुकलेला असतो. म्हणून गायकाची परिचित पट्टी, तबल्याचा स्वर आणि डब्यावरील नोंद यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

यावरून संशोधकाचे कर्तव्य स्पष्ट होते. फितीची अंकीय प्रत ९६ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या मानाने घ्यावी. खरखर काढलेली प्रत निराळी ठेवावी, मूळ प्रतीला हात लावू नये. चिजांमधील बोलणे कापू नये. डब्यावरील अक्षरे, यंत्राचे नाव व गती नोंदवावी. खाजगी संग्रहांच्या अशा प्रती जपण्याचे कार्य कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने केले आहे. मिरज-कोल्हापूर पट्ट्यातील घराघरांतून ज्या फिती असतील, त्यांसाठीही हाच मार्ग आहे. संग्राहकाला आपल्या यंत्राविषयी वाटणारी माया आणि अभ्यासकाची शिस्त यांची गाठ वेळीच पडली, तर पुढच्या पिढीला अल्लादिया खाँविषयी जी हळहळ करावी लागते, ती आणखी कोणाविषयी करावी लागणार नाही.